राष्ट्रपतीची निवडणूक व अल्पसंख्यांचें प्रतिनिधित्व

(१)

'प्रतिनिधि' हा शब्द हल्लीं आपण निवडणुकीच्या संदर्भांतच ऐकतों. परंतु संस्कृतांतील त्याचें एक जुनें घर मीमांसाशास्त्र होय. यज्ञास सांगितलेलें द्रव्य न मिळाल्यास त्याच्या जागीं जें घ्यावयाचें, त्यास तेथें प्रतिनिधि म्हणतात. सोम न मिळाला तर पूतीक, व्रीहि न मिळाले तर नीवार. जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायांत या विषयाची चर्चा आहे, व तिच्यांतील दोन सिद्धान्त प्रस्तुत लेखास उपयोगी आहेत. पहिला असा कीं, प्रतिनिधि मूळ द्रव्याशीं सदृश असला पाहिजे. दुसरा असा कीं, कर्माचा जो स्वामी, म्हणजे यजमान, त्यास सामान्यतः प्रतिनिधि चालत नाहीं. कारण फळ त्याचें आहे.

लोकसत्ताक राज्यांत स्वामी प्रजा होय. ती सर्वच्या सर्व एके ठिकाणीं बसून कारभार करूं शकत नाहीं, म्हणून तेथें स्वाम्यासच प्रतिनिधि द्यावा लागतो. आणि तो दिला कीं सादृश्याचा प्रश्न उभा राहतो. सभेंत पांचशें आसनें असलीं तर निरनिराळ्या जातींचीं, धर्मांचीं व भाषांचीं माणसें थोड्याफार प्रमाणांत तेथें बसवितां येतात. पण आसन एकच असेल तर काय करावें? भारताच्या राष्ट्रपतीचें पद असें एकासनी आहे. त्याच्या निवडणुकींत अल्पसंख्यांस कांहीं हात असावा अशी योजना राज्यघटनेच्या ५५ व्या अनुच्छेदांत बुद्ध्या केलेली आहे. ती कोठून आली, आणि प्रत्यक्ष कसोटीच्या वेळीं ती कितपत उतरली, याचा विचार येथें करावयाचा आहे. या विचारांत कोंकणचा संबंध वाटतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे.

(२)

जुनीं दप्तरें चाळणाऱ्या वाचकांस गोतसभेचे महजर परिचित आहेत. वतनाचा वाद पडला म्हणजे गोत बसे, आणि निवाड्याच्या कागदावर हजर असलेल्यांचीं नांवें ओळीनें येत. ज्यास लिहितां येत नसे तो आपल्या वृत्तीची निशाणी करी. पाटलाचा नांगर तर सर्वांच्या ओळखीचा आहे. बलुतेदारांबरोबर महार व मुलाणा यांचीं नांवेंही अशा कागदांवर आढळतात. आमच्या दक्षिण कोंकणांत गांवऱ्हाटीची घडी याच जातीची होती. देवळांतील मान गांवकर, घाडी, गुरव, देवळी, महार यांच्यामध्यें वांटलेले असत, व ज्याचा मान त्यानेंच तें कार्य करावयाचें, दुसऱ्यानें त्यांत हात घालावयाचा नाहीं, असा दंडक असे.

या व्यवस्थेचे दोन धर्म ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. तिच्यांत प्रत्येक जातीस जागा होती, परंतु समता नव्हती. महाराची निशाणी कागदावर येई, पण तो स्वतः देवळाच्या पायरीबाहेर राही. दुसरें, तेथें डोकीं मोजलीं जात नसत. निर्णय सर्व गोताच्या मुखानें व्हावयाचा, म्हणून संख्येनें थोड्या असलेल्या जातीस आपण हरूं अशी भीति संख्येच्या कारणानें तरी नव्हती.

मतें मोजण्याची रीति या देशास अगदींच अपरिचित होती असें मात्र नव्हे. बौद्ध विनयपिटकांतील चुल्लवग्गांत शलाका वांटून बहुमत घेण्याचा विधि दिलेला आहे, व शलाका घेण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: गुप्तपणें, कानांत सांगून, आणि उघडपणें. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितीपुढें केलेल्या भाषणांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं संघांतील या सभाशास्त्राचा मुद्दाम उल्लेख केला होता. परंतु भिक्षुसंघ हा एका ध्येयाच्या माणसांचा समाज. जेथें माणसें जन्मानेंच निरनिराळ्या गटांत पडलेलीं आहेत, आणि कोणता गट थोडा व कोणता मोठा हें शिरगणतीपूर्वींच ठाऊक आहे, तेथें नुसतें बहुमत म्हणजे एका गटाची कायमची सत्ता होऊं शकते. अल्पसंख्यांचा प्रश्न जन्मास येतो तो येथें.

(३)

हा प्रश्न इंग्रजी अमदानींत प्रथम १९०९ च्या सुधारणांनीं कायद्यांत आला. मुसलमानांस स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. १९१९ च्या कायद्यानें मुंबई कौन्सिलांत निवडून येणाऱ्या ८६ सभासदांपैकीं २७ जागा मुसलमान मतदारसंघांच्या झाल्या. त्याच वेळीं बिगर-मुसलमान जागांपैकीं ७ जागा 'मराठे व तत्सम जाति' यांजकरितां राखून ठेवण्यांत आल्या. ही गोष्ट मोठी बोधप्रद आहे. मराठे संख्येनें थोडे नव्हते. तरी शिक्षण, सरकारी नोकरी व छापखाना हीं दुसऱ्यांच्या हातीं असल्यामुळें मोठी जातही मतपेटीजवळ दुबळी ठरूं शकते, हें त्या सात जागांनीं कबूल केलें.

पुढें १६ ऑगस्ट १९३२ रोजीं ब्रिटिश मुख्य प्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांचा जातीय निवाडा प्रसिद्ध झाला. त्यानें अस्पृश्य वर्गास स्वतंत्र मतदारसंघ दिले. महात्मा गांधींनीं त्याविरुद्ध येरवड्यास उपोषण मांडलें. आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजीं पुणें करार झाला. त्या करारानें प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्य वर्गास १४८ जागा मिळाल्या, पण मतदारसंघ संयुक्त राहिले. प्रथम त्या वर्गाच्या मतदारांनीं चार उमेदवार निवडावयाचे व त्यांतून एकास सर्वांनीं मिळून निवडावयाचें, अशी तडजोड ठरली.

१९३५ च्या कायद्याप्रमाणें मुंबई असेंब्लींत १७५ जागा झाल्या. त्यांत सामान्य ११४ असून त्यांपैकीं १५ अनुसूचित जातींकरितां व ७ मराठ्यांकरितां राखीव होत्या. मुसलमानांच्या २९ आणि हिंदी ख्रिस्त्यांच्या, सबंध प्रांतास मिळून, ३. याच वेळीं अनेक जागांच्या मतदारसंघांकरितां मुंबई प्रांतांत संचित मताची पद्धति आली. जितक्या जागा तितकीं मतें मतदारास मिळत, व तीं सर्व एकाच उमेदवाराच्या पारड्यांत टाकण्याची त्यास मुभा असे. हिच्यांतील गणित सोपें आहे. चार जागा असतील तर एकजुटीनें वागणारा पांचव्या हिश्शाहून किंचित् मोठा गट एक जागा हमखास मिळवूं शकतो. जागांच्या संख्येंत एक मिळवून जो अंक येईल, तितके भाग मतांचे करावे. त्यांतील एका भागाहून जास्त मतें ज्याच्याजवळ तो गट निराधार नाहीं. हें सूत्र वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम आहे.

आमच्या किनाऱ्यावर हा कायदा सारखा लागला नाहीं. मालवण व वेंगुर्लें हीं इंग्रजी मुलुखांत, रत्नागिरी जिल्ह्यांत होतीं. कुडाळ मात्र सावंतवाडी संस्थानांत होतें. त्यामुळें १९३७ सालीं मालवणच्या कायद्यास पात्र रहिवाशानें मुंबई असेंब्लीकरितां मत दिलें, आणि तेथून वीस मैलांच्या आंत राहणाऱ्या कुडाळकरास तो अधिकार नव्हता. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें तेव्हां कुठें दोघांचे रस्ते एक झाले.

राखीव जागांतून काय साधलें, याचें उत्तरही कोंकणाच्या इतिहासांतच आहे. आंबेडकरांचें मूळ गांव आंबडवें हें मंडणगड तालुक्यांतील. १९३६ सालीं त्यांनीं स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजीं खोती नष्ट करण्याचें बिल असेंब्लींत मांडलें. १० जानेवारी १९३८ रोजीं शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस कौन्सिल हॉलवर गेला. खोताच्या जाचाखालीं महार होता तसा कुणबीही होता. थोड्यांच्या प्रतिनिधीनें मांडलेलें गाऱ्हाणें पुष्कळांचें निघालें. खोती प्रत्यक्ष कायद्यानें गेली ती १९४९ च्या अधिनियमानें; पण प्रश्न सभागृहांत आला तो बारा वर्षें आधीं.

(४)

घटनासमितीची निवडणूक जुलै १९४६ मध्यें झाली. प्रांतिक असेंब्लींच्या सभासदांनीं, मुसलमान, शीख व सामान्य असे निरनिराळे विभाग करून, एकल संक्रमणीय मतानें प्रतिनिधि निवडावे असें ठरलें होतें. या पद्धतींत मतदार उमेदवारांस पसंतीचे क्रमांक देतो. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला म्हणजे तें मत दुसऱ्या पसंतीकडे जातें. मुंबईच्या असेंब्लींत आंबेडकरांच्या पक्षाचें पाठबळ उरलें नव्हतें. बंगालच्या सामान्य विभागास २७ जागा होत्या; म्हणजे वर सांगितलेल्या सूत्राप्रमाणें अठ्ठाविसाव्या हिश्शाहून किंचित् अधिक मतें पुरेशीं होतीं. जोगेंद्रनाथ मंडल व त्यांचे सहकारी यांच्या साहाय्यानें आंबेडकर तेथून निवडून आले. पुढें फाळणीमुळें ती जागा गेली, आणि जुलै १९४७ मध्यें मुकुंदराव जयकर यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर मुंबईहून काँग्रेसनें त्यांस निवडून दिलें.

या दोन निवडणुका एकाच मनुष्याच्या व एकाच वर्षाच्या अंतरानें झालेल्या आहेत. पण त्यांचें तत्त्व भिन्न आहे. पहिलींत अल्पसंख्य आपल्या बळावर आंत आले, दुसरींत बहुसंख्यांच्या सद्भावनेनें. अल्पसंख्यांस सभागृहांत नेणारे मार्ग मुख्यतः हे दोनच आहेत, आणि पुढील सर्व इतिहास या दोन मार्गांचा आहे.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीचा प्रश्न घटनासमितींत आला तेव्हां प्रा. के. टी. शहा यांनीं तो सर्व प्रौढ मतदारांकडून निवडला जावा असा आग्रह धरला. पंडित नेहरूंचें म्हणणें असें कीं, खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे असतां नामधारी प्रमुखाकरितां सर्व देशभर निवडणूक करणें विसंगत व खर्चाचें होईल. तेव्हां संसदेचे व राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सभासद हे मतदार ठरले, आणि मतदान गुप्त व एकल संक्रमणीय मतानें व्हावयाचें असें ठरलें. यावर कांहीं सभासदांनीं रास्त शंका काढली: जागा एक, तेथें प्रमाणशीर प्रतिनिधित्व कसलें? डिसेंबर १९४८ च्या चर्चेंत आंबेडकरांनीं जें उत्तर दिलें त्याचा आशय असा कीं, या निवडणुकींत अल्पसंख्यांकरितां वेगळी तजवीज कांहींच ठेवलेली नाहीं; अशा स्थितींत साध्या बहुमताची रीति ठेविली तर बहुसंख्य पक्ष त्यांच्याकडे न पाहतांच राष्ट्रपति निवडील; त्यांचा कांहीं हात त्यांत असावा म्हणून ही पद्धति घेतली आहे.

शंका घेणाऱ्यांचें गणित बरोबर होतें. आपलें सूत्र येथें लावून पाहावें. जागा एक, अधिक एक, म्हणजे दोन. तेव्हां अर्ध्याहून जास्त मतांवांचून जागा नाहीं. बंगालच्या निवडणुकींत जें साधन अठ्ठाविसाव्या हिश्शावर चाललें, तेंच येथें अर्ध्यावर येऊन थांबतें. पण आंबेडकरांचा दावाही त्यांनीं वापरलेल्या शब्दांपुरताच होता. अल्पसंख्यांस जागा मिळेल असें त्यांनीं म्हटलें नाहीं. हात राहील एवढेंच म्हटलें. दोन मोठे पक्ष समबल झाले, तर लहान गटाची दुसरी पसंती तराजूचा कांटा हलवील, इतकीच ती हमी आहे.

याच सुमारास दुसराही एक निर्णय झाला. मे १९४९ मध्यें सल्लागार समितीच्या शिफारशीवरून धार्मिक अल्पसंख्यांच्या राखीव जागा सोडून देण्यांत आल्या. तो ठराव मांडणारे हरेंद्रकुमार मुकर्जी स्वतः बंगाली ख्रिस्ती होते. राखीव जागा अनुसूचित जाति व जमाति यांस राहिल्या, त्याही संयुक्त मतदारसंघांत. अँग्लो-इंडियनांस नामनिर्देशनानें जागा मिळाली, ती जानेवारी २०२० पर्यंत चालली. परंतु राष्ट्रपतीस मत देण्याचा अधिकार निवडून आलेल्या सभासदांसच असल्यामुळें त्या नामनिर्दिष्टांचा या निवडणुकींत कधींच हात नव्हता.

(५)

आतां अनुभव पाहूं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकींत राजेंद्रप्रसादांस ५,०७,४०० मतें पडलीं. त्यांच्याविरुद्ध उभे होते तेच के. टी. शहा, त्यांस ९२,८२७ मतें मिळालीं. दुसऱ्या पसंतीची गरज पडली नाहीं. त्याच वर्षीं लोकसभेच्या निवडणुकींत उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर आंबेडकरांचा नारायणराव काजरोळकरांकडून पराभव झाला. काजरोळकरही अनुसूचित जातीचेच, परंतु काँग्रेसचे. सादृश्य जन्मानें पहावयाचें कीं ज्याचा प्रतिनिधि त्याच्या इच्छेनें पहावयाचें, हा मीमांसकांच्या थाटाचा प्रश्न त्या निकालानें देशापुढें ठेविला, व तो अद्याप सुटलेला नाहीं.

५५ व्या अनुच्छेदाची खरी कसोटी १९६९ सालीं लागली. ३ मे रोजीं राष्ट्रपति झाकीर हुसेन पदावर असतांनाच वारले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. स्वतंत्र उभे राहिलेले व्ही. व्ही. गिरि, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्यानें तिसरे चिंतामणराव देशमुख. चिंतामणराव महाडजवळच्या नाते गांवीं १८९६ सालीं जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, १९५२ सालीं कुलाब्यांतून लोकसभेवर गेलेले, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ सालीं अर्थमंत्रिपद सोडलेले. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारे म्हणून आम्हां संस्कृताच्या विद्यार्थ्यांस ते वेगळ्या नात्यानेंही जवळचे. याच निवडणुकींत पांडुरंग नथूजी राजभोज हेही उभे होते. १९५२ सालीं ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे सोलापुरांतून लोकसभेवर निवडून आले होते.

मतदान १६ ऑगस्टला झालें. इंदिरा गांधींनीं विवेकबुद्धीनें मत द्यावें असें सांगितल्यामुळें काँग्रेसचीं मतें फुटलीं. पहिली मोजणी अशी: गिरि ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९, राजभोज ८३१, बाकीचे थोडथोडे. एकूण वैध मतें ८,३६,३३७, म्हणून कोटा ४,१८,१६९. कोणासही तो गांठतां आला नाहीं. मग लहान उमेदवार क्रमानें बाद करीत, शेवटीं देशमुखांचीं मतें दुसऱ्या पसंतीप्रमाणें वांटलीं. अखेरचा निकाल असा: गिरि ४,२०,०७७ व रेड्डी ४,०५,४२७.

या आंकड्यांची वजाबाकी करून पाहावी. बाद झालेल्यांच्या मतांपैकीं रेड्डींकडे ९१,८७९ गेलीं, गिरींकडे १८,५६२. म्हणजे वांटल्या गेलेल्या मतांच्या सहा हिश्शांपैकीं पांच रेड्डींस मिळाले. रेड्डींची अखेरची संख्या गिरींच्या पहिल्या संख्येहून ३,९१२ नें जास्त होती. तेव्हां बाकी सर्व तसेंच राहून गिरींस ही दुसरी पसंती मिळाली नसती, तर रेड्डी राष्ट्रपति झाले असते. त्या वेळीं एका खासदाराचें मत ५७६ धरलें जात होतें. त्या मापानें गिरींस लाभलेल्या १८,५६२ मतांचें वजन सुमारें बत्तीस खासदारांइतकें होतें. तितक्या वजनानें देशाचा राष्ट्रपति ठरला. आमच्या राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधि, वेंगुर्ल्याचे सुपुत्र नाथ पै, यांचें मतही त्या ५७६ च्या मापाचें होतें. महाराष्ट्राच्या एका आमदाराचें १४६ होतें.

आंबेडकर म्हणाले होते तो हात दिसला. पण तो धर्माच्या वा जातीच्या अल्पसंख्यांचा नव्हता, राजकीय अल्पसंख्यांचा होता. राजभोजांच्या ८३१ मतांनीं कांटा हलल्याचें कोणी म्हणणार नाहीं. शिवाय १९६९ नंतर दुसऱ्या पसंतीची मोजणी पुनः करावी लागलेली नाहीं. साधन घटनेंत आहे. त्याचा प्रसंग एकदांच आला.

(६)

मग झाकीर हुसेन (१९६७), फक्रुद्दीन अली अहमद (१९७४), झैलसिंग (१९८२), के. आर. नारायणन् (१९९७), अब्दुल कलाम (२००२), रामनाथ कोविंद (२०१७) आणि द्रौपदी मुर्मू (२०२२) हे राष्ट्रपति कसे झाले? ते सर्व पहिल्याच मोजणींत, मोठ्या पक्षांच्या वा आघाड्यांच्या उमेदवारीनें झाले. म्हणजे पहिल्या मार्गानें नव्हे. जुलै १९४७ च्या मार्गानें. या मार्गास तुच्छ लेखण्याचें कारण नाहीं. रूढीस आपल्या शास्त्रांत प्रमाण मानिलें आहे, व सर्वोच्च पद आळीपाळीनें निरनिराळ्या समाजांकडे जावें ही रूढि देशाच्या ऐक्यास पोषक आहे. परंतु रूढीचें फळ देणाऱ्याच्या हातांत असतें, घेणाऱ्याच्या नव्हे. हा भेद विसरतां कामा नये.

इतर देशांनीं हाच प्रश्न निरनिराळ्या रीतींनीं सोडविला आहे. लेबनानांत १९४३ च्या राष्ट्रीय करारापासून राष्ट्रपति मारोनी ख्रिस्ती असावा असा संकेत आहे. तेथें पद समाजाशींच बांधलें. नायजेरियानें १९७९ पासून विजयी उमेदवारास दोनतृतीयांश राज्यांत निदान चौथा हिस्सा मतें मिळालीं पाहिजेत अशी अट घातली. सिंहलद्वीपानें १९७८ च्या घटनेंत पसंतिक्रम घेतला, पण थेट प्रजेच्या मतदानास जोडून. तेथें दुसऱ्या पसंतीची मोजणी प्रथम २०२४ सालीं झाली, व पहिल्या मोजणींतील अग्रणीच विजयी झाला. पसंतिक्रमाचें साधन क्वचितच कामास येतें, हें त्या शेजारच्या बेटानेंही दाखविलें.

आपल्या जिल्ह्याचें वजन शेवटीं मोजून ठेवूं. १ मे १९८१ रोजीं रत्नागिरीपासून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गांत कणकवली, कुडाळ व सावंतवाडी हे तीन विधानसभा मतदारसंघ आहेत; तिन्ही अराखीव. २०२२ च्या निवडणुकींत महाराष्ट्राच्या आमदाराचें मत १७५ होतें, म्हणून तिघांचें मिळून ५२५. शेजारच्या गोंव्याच्या आमदाराचें २०, म्हणून तेथील सर्व चाळीस आमदारांचें ८००. हे अंक १९७१ च्या लोकसंख्येवर बांधलेले आहेत. त्या ५२५ मध्यें गाबीत, भंडारी, मराठा, ख्रिस्ती, मुसलमान, बौद्ध सर्वांचा अंश आहे. पण कोणाचा किती, हें महजरावरील निशाणीप्रमाणें वाचून काढतां येत नाहीं. गोताच्या कागदावर प्रत्येकाची निशाणी होती व मत मोजलें जात नव्हतें; आज मत मोजलें जातें व निशाणी उमेदवाराची असते. समतेच्या दृष्टीनें ही मोठीच प्रगति होय. परंतु थोड्यांचें म्हणणें निर्णयांत उतरलें कीं नाहीं, हें जुन्या कागदावर निदान दिसे. नव्या कागदावर तें इतिहासकारानें शोधून काढावें लागतें.

याकरितां संग्राहकांस एक विनंती आहे. महजर, सनदा व खोतीचे कागद आपण जपतों. १९३७ च्या मतदारयाद्या, त्या निवडणुकींतील हस्तपत्रकें, लोकल बोर्डांचीं इतिवृत्तें, खोतीविरोधी सभांच्या जाहिराती, मालवण-वेंगुर्ल्याच्या चर्चच्या व मशिदींच्या वह्या, हीं अजून पुष्कळ घरांत व संस्थांत पडून आहेत आणि किनाऱ्याच्या दमट हवेंत दरसाल नष्ट होत आहेत. तीं उतरून ठेवावीं. कोणत्या समाजास कोणत्या सालीं मत मिळालें व त्यानें त्या मताचें काय केलें, हें सांगणारीं साधनें तींच आहेत. त्यांवांचून पुढील पिढीस या विषयावर नुसता वाद करतां येईल, इतिहास लिहितां येणार नाहीं.